पाइन वृक्षाची दूधआई

ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबर्ग नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील एका अरुंद खोऱ्यात ब्लोन्स हे चिमुकले खेडे वसले आहे. लाकडी घरे, गोठे, एक देवालय आणि पाठीशी उभा डोंगर, एवढाच त्याचा संसार. ११ जानेवारी १९५४ रोजी सकाळी त्या डोंगरावरचे बर्फ सुटले आणि पाहता पाहता घरांवर येऊन कोसळले. वाचलेले लोक कुदळी-फावडी घेऊन धावले. दिवसभर उकरण्याचे काम चालू होते. संध्याकाळी दुसऱ्या डोंगरावरून दुसरा हिमलोट आला आणि वाचवायला आलेलेही त्यात गाडले गेले. एवढ्याशा गावातली पन्नासहून अधिक माणसे त्या एका दिवसात गेली.

याच्या आधी तीनच वर्षे, म्हणजे १९५०-५१ च्या हिवाळ्यात, आल्प्स पर्वतात असेच थैमान झाले होते. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली या तिन्ही देशांत मिळून अडीचशेच्या वर माणसे हिमलोटांखाली सापडून मेली. त्या हिवाळ्याला तिकडे अजूनही ‘भयाचा हिवाळा’ म्हणतात.

आता अशा बातमीचा आणि बुरशीचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. पण त्याच्यापर्यंत पोहोचायला जरा डोंगर चढून वर जावे लागेल.

हिमलोट एकदा वेगाने सुटला की त्याच्यापुढे काही टिकत नाही. शंभर वर्षांची झाडेही तो काडीसारखी मोडतो. म्हणून त्याला अडवायचे ते वाटेत नव्हे, तर जिथून तो सुटतो त्या उंच उतारावरच. तिथे जर दाट झाडी असेल तर बर्फाचा एकसंध थर मुळी तयारच होत नाही. फांद्यांवर अडकलेले बर्फ ठिकठिकाणी खाली पडते, बुंधे खुंटीसारखे थर धरून ठेवतात. आल्प्समधल्या गावकऱ्यांना हे जुन्या काळापासून ठाऊक होते. काही गावांनी तर आपल्या डोक्यावरच्या रानात कुऱ्हाड चालवायलाच बंदी केली होती.

परंतु सगळीकडे असा शहाणपणा नव्हता. टायरॉल प्रांतात श्वात्स येथे चांदीच्या खाणी होत्या, हाल येथे मिठाचे पाणी आटवण्याच्या भट्ट्या होत्या. दोन्हींना लाकूड लागे, आणि ते डोंगरावरून येई. त्यात उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांत चारायला न्यायची रीत. कुरण वाढावे म्हणून झाडे तोडायची, उरलेली रोपे गुरांनी खायची. असे शतकानुशतके चालले आणि डोंगरावर जिथपर्यंत झाडे वाढू शकतात ती रेषा शेदोनशे मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, खाली उतरली. वर उरले ते उघडे गवत. हिमलोटांची जन्मभूमीच ती.

तेव्हा १९५० नंतर ऑस्ट्रियन वनखात्यापुढे काम उभे राहिले ते हे की, या गवताळ उतारांवर पुन्हा रान उभे करायचे. आणि तेथे उभे राहू शकेल असे झाड मुख्यतः एकच.

त्सिर्बे

टायरॉलमध्ये या झाडाला त्सिर्बे म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये त्यालाच आर्वे हे नाव आहे. हा पाइनच्या जातीचा वृक्ष. आपल्या हिमालयातला चीड हा त्याचा भाऊबंद, पण चीड तसा खालच्या, उबदार उतारांवर राहणारा. त्सिर्बेचे घर दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहूनही वर. याच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यांत येतात. लाकूड असे सुवासिक की तिकडचे लोक त्याचे पलंग आणि भिंतींचे तक्ते करतात. कोवळी फळे दारूत घालून एक लालसर मद्यही करतात. त्याचे कौतुक टायरॉलच्या प्रवाशांकडून पुष्कळ ऐकू येते. झाड मात्र वाढायला फार सावकाश. पाचशे वर्षे जगणे त्याला काही विशेष नाही, पण पहिली पन्नास-साठ वर्षे ते बालपणातच काढते म्हणायला हरकत नाही.

याचे बी चांगले शेंगदाण्याएवढे जड, आणि त्याला इतर पाइनच्या बियांसारखा पंख नसतो. मग ते वर डोंगरावर जाते कसे? तर नटक्रॅकर नावाचा, ठिपक्याठिपक्यांचा, कावळ्याच्या कुळातला एक पक्षी ते काम करतो. शरद ऋतूत तो हजारो बिया गळ्याखालच्या पिशवीत भरभरून नेतो आणि हिवाळ्याची बेगमी म्हणून चार-चार, सहा-सहा अशा जमिनीत पुरतो. बर्फाखाली दडलेल्या आपल्या कोठारांपैकी बहुतेक त्याला बरोबर सापडतात. जी सापडत नाहीत त्यांतून त्सिर्बे उगवतो.

वनखात्याला पक्ष्याच्या विसरभोळेपणावर थांबून चालण्यासारखे नव्हते. खोऱ्यातल्या रोपवाटिकांत रोपे तयार करायची आणि वर नेऊन लावायची, हा सरळ मार्ग. पण वरच्या उतारावर रोपांचे हाल होत. वाऱ्याने, थंडीने काही मरत ते समजण्यासारखे होते. पण जी जगत त्यांचीही पुष्कळदा वाढ खुंटे, सुया आखूड राहत, हिरवेपणा जाऊन पिवळटपणा येई. शेतीतल्या माणसाने पाहताच ओळखावे असे ते लक्षण आहे. झाड उपाशी आहे, त्याला नत्र मिळत नाही.

भरल्या घरात उपवास

नत्र म्हणजे नायट्रोजन. वनस्पतीच्या अंगातली प्रथिने, पानातला हिरवा रंग, सारे त्याच्यावाचून अडते. मौज अशी की त्याची टंचाई कुठेच नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग नत्राचाच. पण हवेतला नत्र झाडाला घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की त्यांना सोडवणे झाडाच्या शक्तीबाहेरचे आहे. आपली तूर, हरभरा, मूग ही कडधान्ये यातून सुटली, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतला नत्र पकडून त्यांना देतात. पाइनच्या नशिबी असे जंतू नाहीत. त्याने नत्र घ्यायचा तो जमिनीतून.

आणि जमिनीत तरी तो नाही का? पुष्कळ आहे! उंच डोंगरावर पडलेल्या सुया, वाळलेले गवत, मेलेले किडे यांचा थरावर थर साचलेला असतो. त्यात नत्र भरपूर. आपल्या कोकणातल्या दमट उष्ण हवेत असा पाचोळा एका पावसाळ्यात कुजून खत होतो. पण जिथे वर्षातले सात-आठ महिने बर्फ, आणि उन्हाळ्यातही माती हाताला गार लागते, तिथे कुजणेही गोगलगाईच्या चालीने चालते. नत्र प्रथिनांत अडकलेला, प्रथिने कषाय द्रव्यांशी बांधलेली, अशी ती कुलूपबंद पेटी असते. झाडाच्या मुळाला शोषता येतो तो अमोनियासारख्या साध्या, सुटसुटीत रूपातला नत्र. पेटी समोर आहे, किल्ली नाही. धान्याने भरलेल्या घरात जाते-चूल नसावी, तशातला प्रकार.

ही किल्ली कुणाकडे आहे याचा पहिला सुगावा लागला तो एका खवय्येगिरीच्या निमित्ताने.

मंत्र्यांना हवे होते ट्रफल

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी एक अळंबी. युरोपात तिला सोन्याचे मोल आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात प्रशियाच्या शेती व वनखात्याच्या मंत्र्यांना वाटले की, ही अळंबी आपल्या देशातही पिकवता आली तर काय बहार होईल! काम सोपवले गेले बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयातील प्राध्यापक आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे. ट्रफल झाडांच्या मुळांशीच का सापडते हे पाहण्यासाठी फ्रांकसाहेबांनी मुळे खणली, धुतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

ट्रफलचा धंदा काही त्यातून उभा राहिला नाही. पण फ्रांकना जे दिसले ते ट्रफलपेक्षा मौल्यवान होते. पाइन, बीच, ओक अशा झाडांच्या बारीक मुळांची टोके उघडी नव्हतीच. प्रत्येक टोकावर बुरशीच्या तंतूंनी विणलेला एक मोजा चढवलेला होता. मोज्यातून काही तंतू आत, मुळाच्या पेशींच्या फटींत शिरलेले. काही बाहेर, मातीत दूरवर पसरलेले. एका झाडावर नव्हे, एका रानात नव्हे, जिथे पाहावे तिथे हेच. म्हणजे रानातले झाड मातीतून जे घेते ते या मोज्यातून गाळूनच. १८८५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे: बुरशी-मूळ.

बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती लोणच्याच्या बरणीतली किंवा पावसाळ्यात चपलांवर येणारी. ती नासधूस करणारी, अशीच आपली समजूत. त्या काळच्या पंडितांचीही तीच होती. फ्रांक म्हणाले की, ही बुरशी झाडाला खात नाही, उलट भरवते. ती झाडाची दूधआई आहे. त्यावर गदारोळ उठला. विरोधकांत आघाडीवर होते रोबेर्ट हार्टिग, झाडांच्या रोगांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. ज्याने आयुष्यभर बुरशीने मारलेली झाडे पाहिली, त्याला बुरशी दूधआई कशी वाटावी? गंमत पुढे आहे. याच हार्टिगांचे वडील टेओडोर यांनी कित्येक वर्षे आधी पाइनच्या मुळाचा छेद घेऊन पेशींच्या मधली ती नाजूक जाळी हुबेहूब रेखाटून ठेवली होती. फक्त ती बुरशीची आहे हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. शास्त्रज्ञांनी पुढे त्या जाळीला नाव दिले ‘हार्टिगची जाळी’. मुलाने जिचा उपकार नाकारला, तीच बापाच्या नावाने अजरामर झाली.

फ्रांक यांनी आणखी एक तर्क मांडला होता. कुजक्या पाल्यातला बांधलेला नत्र बुरशी मोकळा करते आणि झाडाला पोहोचवते, असा. १८९४ साली त्यांनी पाइनची रोपे साध्या मातीत आणि भाजून निर्जंतुक केलेल्या मातीत लावून दाखवली. भाजलेल्या मातीतली रोपे खुरटली. टीकाकार म्हणाले, माती भाजल्याने ती विषारी झाली असेल! वाद तिथेच अडला, आणि फ्रांक १९०० साली वारले.

(जाता जाता एक सांगायला हवे. कडधान्याच्या गाठींतल्या जंतूंना आज जग ज्या ‘राइझोबियम’ नावाने ओळखते तेही १८८९ साली याच फ्रांकनी दिलेले. नत्राच्या दोन्ही दारांवर एकाच माणसाची पाटी आहे.)

पुरावा

पुढची पन्नास वर्षे पुरावा थेंबाथेंबाने जमत गेला. अमेरिकेत १९३७ साली हॅच यांनी गवताळ मैदानातल्या मातीत श्वेत पाइनची रोपे वाढवली. काहींना बुरशी लावली, काहींना नाही. बुरशीवाल्या रोपांत नत्राचे प्रमाण बिनबुरशीच्या रोपांपेक्षा सुमारे ८६ टक्के अधिक भरले. प्वेर्तो रिको बेटावर तर निसर्गानेच प्रयोग मांडला होता. तिथे पाइन मुळचा नाही. १९३० नंतर अनेकदा बी पेरून पाहिले. रोपे उगवत, वीतभर होण्याच्या आत पिवळी पडून मरत. खत घातले तरी तेच. १९५५ साली उत्तर कॅरोलायनातल्या पाइनच्या रानातली माती आणून काही रोपांच्या मुळाशी घातली. ती रोपे भराभर वाढू लागली, शेजारची बिनमातीची तशीच खुरटलेली राहिली. मूठभर मातीत काय आले होते हे आता सांगायला नको.

पण नत्र बुरशीतूनच येतो हे डोळ्यांनी कसे दाखवायचे? ते केले स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एलियास मेलिन यांनी. त्यांनी काचेच्या भांड्यात पाइनचे रोप निर्जंतुक अवस्थेत वाढवले आणि त्याच्या मुळांवर एकाच जातीची शुद्ध बुरशी बसवली. मग भांड्यात आणखी एक लहानशी बशी अशी ठेवली की तिच्यापर्यंत बुरशीचे तंतू पोहोचावेत, मूळ मात्र पोहोचू नये. बशीत घातला खूण केलेला नत्र. नत्राचा एक समस्थानिक नेहमीच्या नत्रापेक्षा किंचित जड असतो. तो कुठे गेला हे यंत्राने ओळखता येते, जशी खुणेची नोट कुणाच्या खिशातून निघाली ते कळावे. १९५२ साली मेलिन आणि त्यांचे सहकारी निल्सन यांनी जाहीर केले की तो जड नत्र पाइनच्या सुयांत सापडला. जायला दुसरी वाट नव्हतीच. तो तंतूंतूनच गेला होता. पाच वर्षांनी त्यांनी उलटा प्रवासही दाखवला. सुयांनी उन्हात तयार केलेला, खूण केलेला कर्ब साखरेच्या रूपाने बुरशीत उतरला होता.

फ्रांक यांचा उरलेला तर्क खरा ठरायला १९८६ साल उजाडावे लागले. इंग्लंडमधल्या शेफील्डला अबुझिनादा आणि रीड यांनी पाइनच्या रोपांना नत्र म्हणून निव्वळ प्रथिन दिले. एकट्या रोपाला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग करता आला नाही. योग्य बुरशी जोडीला असलेली रोपे मात्र त्यावर वाढली. बुरशी पाचक रस सोडून प्रथिनांचे तुकडे करते, अमिनो आम्ले शोषून घेते, आणि त्यांतला वाटा मुळाला देते. कुलुपाची किल्ली ती हीच. शिवाय तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके, त्यामुळे मूळ जिथे बोटही घालू शकत नाही अशा फटींत ते सहज शिरतात.

मातीचे विरजण

आता पुन्हा टायरॉलच्या उघड्या उतारावर जाऊ. तेथे शतकानुशतके झाड नव्हते. झाड नाही म्हणजे साखर देणारे कोणी नाही. म्हणून झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या बुरश्याही तिथून गेल्या होत्या. रान तोडणाऱ्याने कुऱ्हाड चालवली जमिनीच्या वर, पण अर्धे रान जमिनीखाली होते आणि तेही त्याच घावाने मेले. वनखात्याचे लोक वरचे अर्धे तेवढे परत लावीत होते.

हे नेमके हेरले इन्सब्रुकच्या माइनहार्ड मोझर यांनी. मोझर हे जातिवंत अळंबीतज्ज्ञ. मध्य युरोपातल्या अळंब्या ओळखण्याचे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी ते पिशवीत घालून रान तुडवले. त्यांनी त्सिर्बेच्या जुन्या रानांतून, वरच्या उंचीवरून, अळंब्या गोळा केल्या. त्यांतली एक विशेष कामाची ठरली: सुइलस प्लोरान्स. प्लोरान्स म्हणजे रडणारी. कोवळी असताना तिच्या टोपीखालच्या छिद्रांतून दुधाळ थेंब पाझरतात म्हणून हे नाव. दूधआईला याहून साजेसे लक्षण कोणते असेल!

या अळंबीचा कण घेऊन मोझर तिचे तंतू प्रयोगशाळेत वाढवीत, मग ते निर्जंतुक केलेल्या पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळमातीत, मुरवीत, आणि तयार झालेले मिश्रण रोपवाटिकेच्या वाफ्यात मिसळीत. आपल्या गृहिणींना यात नवे काही वाटणार नाही. दूध कितीही चांगले असले तरी विरजणावाचून त्याचे दही होत नाही, आणि विरजणही चांगल्या घरचे लागते. मोझर विरजण निवडीत ते उंचीवरचे, गारठ्यात काम करणारे. खोऱ्यातल्या उबदार मातीतली बुरशी रोपाबरोबर वर गेली तर थंडीत हात आखडून बसते. असे लहानपणीच जोडी जमवलेले रोप मग वरच्या उतारावर जाई, आणि जाताना आपले रान मुळाशी घेऊन जाई.

देणे आणि घेणे

दूधआई हा शब्द गोड आहे. मात्र तो शब्दशः घेतला तर फसायला होईल. अलीकडे रानातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी कुजबुजतात, आई-झाड पिलांना भरवते, अशा गोष्टी पुष्कळ छापून येतात. मला त्यांतल्या बऱ्याच गोष्टी पुराव्याच्या पुढे धावलेल्या वाटतात. मातीत जे चालते ते वात्सल्य नव्हे, व्यवहार आहे. आणि तो तितकाच नवलाचा आहे.

बुरशीला ऊन खाता येत नाही. तिची सारी साखर झाडाकडून येते. उत्तर स्वीडनमध्ये ह्योगबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पाइनच्या रानातल्या काही झाडांच्या सालीचे पट्टे गोलाकार काढले. साल काढली की सुयांतली साखर खाली मुळांकडे उतरत नाही. एक-दोन महिन्यांत त्या जमिनीचा ‘श्वास’, म्हणजे मुळे आणि सूक्ष्म जीव सोडतात तो कर्बवायू, निम्म्यावर आला. मुळांशी उगवणाऱ्या अळंब्याही त्या ठिकाणी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. झाडाने हात आखडता घेतल्याबरोबर पाताळातली चूल विझली.

बुरशी तरी सगळा नत्र झाडाला देते का? मुळीच नाही. आधी तिचे पोट. स्वीडनमध्येच नेसहोल्म आणि इतरांनी २०१३ साली दाखवले की जमिनीत नत्राची फारच ओढ असली तर बुरशी मिळालेल्या नत्राचा मोठा भाग स्वतःच्या तंतूंतच दाबून ठेवते. झाड अधिक नत्राच्या आशेने अधिक साखर पाठवते, त्या साखरेवर बुरशी आणखी वाढते आणि आणखी नत्र अडवते. सावकार आणि कुळ यांचे नाते असेच असते. तरीही कुळाला सावकार सोडता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाकडे नत्र नाहीच.

आणि ही बुरशी नत्र मिळवते कुठून कुठून! कॅनडात क्लिरोनोमोस आणि हार्ट यांनी २००१ साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. मातीत स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म, उड्या मारणारे किडे असतात. बुरशी खाऊन ते जगतात. पण लॅकारिया नावाच्या अळंबीच्या तंतूंशी गाठ पडली की उलटेच होते. ते किडे गलितगात्र होतात, मरतात, आणि बुरशी त्यांच्या अंगात शिरून त्यांचा नत्र काढून घेते. श्वेत पाइनच्या रोपांत मोजले तेव्हा रोपाच्या नत्रापैकी पाव हिश्शापर्यंतचा भाग या किड्यांचा निघाला. शांत, गंभीर, सोवळा दिसणारा पाइन असा आडून मांसाहारी आहे!

हवेतल्या नत्राचे काय? बुरशीला तो पकडता येत नाही. ती विद्या फक्त काही जंतूंकडे आहे. परंतु ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांवर लॉजपोल पाइनच्या मुळांना सुइलसच्याच एका जातीच्या जोडीने बोराएवढ्या गाठी येतात. तंतूंनी वेढलेल्या त्या गाठींच्या आत जंतू राहतात, आणि तिथे हवेतला नत्र बांधला जातो असे पॉल, चॅपमन व चॅनवे यांच्या २००७ सालच्या अभ्यासात दिसले. झाडाने बुरशी ठेवली, बुरशीने जंतू ठेवले. कडधान्यांसारखी सोय पाइनच्या नशिबी नाही असे वर म्हटले ते म्हणूनच पूर्णपणे खरे नव्हे; पोटभाडेकरूच्या रूपाने का होईना, ती कुठे कुठे त्याच्याकडे आहे.

ज्या नत्राच्या टंचाईने ही सारी जोडी जमली, तो नत्र फुकट मिळू लागला तर काय होते, हेही युरोपाने पाहिले. मोटारींचा धूर आणि गोठ्यांतला अमोनिया पावसाबरोबर रानांवर पडू लागला. हॉलंडमधल्या पाइनच्या रानांत झाडांच्या मुळांशी उगवणाऱ्या अळंब्यांच्या अनेक जाती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी झाल्याचे तेथील निरीक्षकांनी नोंदवले. नत्र फुकट मिळू लागल्यावर झाड सावकाराला साखर कशाला पाठवील?

श्टिलबर्गचा उतार

स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ श्टिलबर्ग नावाचा एक हिमलोटांचा उतार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० ते २२०० मीटर उंच. तेथे १९७५ साली शास्त्रज्ञांनी ९२,००० रोपे ओळीने लावली: काही आर्वे, काही डोंगरी पाइन आणि काही लार्च. कुठले झाड कुठल्या कोपऱ्यात जगते याची वही त्यांनी वर्षानुवर्षे लिहिली, आणि ती अजून चालू आहे. पहिली काही वर्षे सारे ठीक दिसले. मग पाइन मरू लागले. तीस वर्षांनंतर पाहिले तर दोन्ही जातींचे बहुतेक पाइन गेले होते आणि लार्च बहुतांशी उभे होते.

मारेकरी होती बुरशीच. मुळावरची नव्हे, सुयांवरची. उन्हाळा लागला तरी जिथे बर्फ वितळत नाही तिथे बर्फाच्या दमट पांघरुणाखाली ती पाइनच्या हिरव्या सुया पोखरते. लार्च दर हिवाळ्यात आपल्या सुया गाळून टाकतो, म्हणून त्याच्याकडे तिला खायला काही नसते. रोबेर्ट हार्टिग हे पाहायला असते तर त्यांनी मिशीला पीळ दिला असता.

पुढे त्याच उतारावर काही ठिकाणी तारांनी जमीन चार अंशांनी ऊबदार करून पाहिली, तेव्हा पाल्यातला बांधलेला नत्र अधिक मोकळा होऊ लागला. आल्प्सची हवा तापते आहे. त्यामुळे वरच्या पाइनना पुढच्या शतकात कुणाची किती गरज राहील, हा प्रश्न तिथे आज मोजला जात आहे.

जे थोडे पाइन श्टिलबर्गवर वाचले ते मात्र कुठेही वाचले नाहीत. घळीत, खोलगट जागी, जिथे बर्फ उशिरापर्यंत राहते, तिथे जवळजवळ कोणी उरले नाही. वाचले ते कण्यासारख्या उंचवट्यांवर, जिथले बर्फ वारा उडवून नेतो आणि वसंतात जमीन लवकर उघडी पडते. रोपे लावणाऱ्यांनी ओळी आखल्या होत्या त्या सरळ. नटक्रॅकर पक्षी आपली कोठारे करतो तेव्हा हिवाळ्यात उकरायला सोपी जावीत म्हणून त्यांतली पुष्कळशी अशाच बर्फ लवकर सोडणाऱ्या उंचवट्यांवर करतो.